अठ्ठावन्न वाघिणींच्या मागे

मेणबत्ती एकच पुरे, शिवांगी. दुसरी जपून ठेव, लाइट कधी येईल याचा भरवसा नाही. आणि आशय, तो पुस्तकांचा गठ्ठा खाली ठेव बघू. अंधारात वाचून कुणी कलेक्टर झालेलं मी तरी पाहिलं नाही. गोष्ट हवी म्हणालात ना? मग गप्प बसायचं. मध्येच "अच्छा, फिर क्या हुआ" करायचं नाही. मला त्याने चीड येते.

ही गोष्ट माझी नव्हे, विनायक सबनिसची. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसला तो. माणूस इतका रूक्ष, की कुणी विनोद सांगितला तर आधी विचारायचा, हे कधी घडलं. देवधर्म नाही, भूतखेत नाही, सिनेमासुद्धा नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं. विनायकने सांगितलं म्हणून मी ऐकून घेतलं.

तारीख आठ जानेवारी अठ्ठ्याण्णव. वार गुरुवार. अमावस्या वगैरे काही नव्हती, मी नंतर पंचांग काढून पाहिलंय. पण धुकं? पंधरा दिवस ऊन म्हणून दिसलं नव्हतं दिल्लीत. दुपारी बाराला बसेस दिवे लावून चालायच्या.

काम तसं साधं होतं. विनायकला गुडगावला एका नव्या सोसायटीत फ्लॅट बघायला जायचं होतं. तेव्हा ते वेडच लागलं होतं सगळ्यांना. जो तो कॅटलॉग घेऊन फिरायचा, स्विमिंग पूलचं चित्र दाखवायचा. विनायक राहायचा इथेच, आर. के. पुरमला, सेक्टर चारमध्ये. निघताना खालच्या क्वार्टरमध्ये भावाकडे राहणाऱ्या कौशल्यावहिनींनी त्याला थांबवलं आणि एक डबा दिला. संक्रांत जवळ आली होती, तिळाच्या वड्या होत्या. डब्याखाली एक पाकीट.

"भावजी, त्याच सोसायटीत शांताराम बोडस राहतात. वड्या द्या आणि हे पत्र द्या. उत्तर घेऊनच या," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं मी विचारलं नाही. आता समर्थ मोठा झालाय. त्याला काय सांगू ते मला कळायला हवं."

आता हे सहा वर्षांचं काय, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

कौशल्यावहिनींचा नवरा नरसिंह मालगाडीवर गार्ड होता. शांताराम बोडस ड्रायव्हर. दोघं कितीतरी वेळा एकाच गाडीवर असायचे. मालगाडी म्हणजे दोन-चार डबे नव्हेत. अठ्ठावन्न वाघिणी. ...हसू नकोस शिवांगी, मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. तुम्हा दिल्लीच्या पोरांना वाघ तेवढा ठाऊक, तोही झूमधला. तर अठ्ठावन्न वाघिणी, सहाशे-सातशे मीटर लांबी. ड्रायव्हर या टोकाला, गार्ड त्या टोकाला, आणि मध्ये नुसतं लोखंड. एकमेकांचं तोंडही दिसत नाही. रात्री बोलायचं ते बत्तीने. गार्डच्या हातात रॉकेलची बत्ती असते. आत एक झडप असते, ती फिरवली की लाल, नाहीतर हिरवी. वाटेत गाडी थांबली, तर निघायच्या आधी गार्डने हिरवी दाखवायची. ती ड्रायव्हरने पाहायची आणि मगच गाडी हलवायची. नाही दिसली, तर असिस्टंटला चालत मागे पाठवायचं आणि विचारून यायचं. अर्धा तास जाऊ दे, नाहीतर तास जाऊ दे.

एक्याण्णवच्या डिसेंबरात, अशाच धुक्यात, त्यांची गाडी माळावर सिग्नलला थांबली. कुठली लाइन, कुठलं स्टेशन ते विचारू नका, मी सांगणार नाही. मधल्या एका वाघिणीचा ब्रेकचा पाइप गळत होता. नरसिंह उतरला, चालत गेला, दोन वाघिणींच्या मध्ये शिरला. तेवढ्यात गाडी हलली.

एकोणतिसावी आणि तिसावी. त्यांच्यामध्ये सापडला तो.

चौकशी झाली. शांतारामने लिहून दिलं, 'मला हिरवी बत्ती स्पष्ट दिसली, म्हणून गाडी हलवली.' असिस्टंट इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला होता, त्याने काहीच पाहिलं नव्हतं. नरसिंहची बत्ती रुळाशेजारी पडलेली मिळाली, झडप लालवर अडकलेली. साहेब म्हणाले, पडताना फिरली असेल. झालं. चूक गार्डची, असा कागद निघाला.

याचा अर्थ कळला का तुम्हाला? ज्याने स्वतःच्या हाताने हिरवी दाखवली आणि मग तोच वाघिणींच्या मध्ये शिरला, तो माणूस एकतर बेअक्कल, नाहीतर जीव द्यायला गेलेला. लोक दुसरं बोलायला लागले. बायकोशी पटत नसेल, म्हणाले. कौशल्यावहिनींच्या तोंडावर नाही, पण पाठ वळली की. त्यांचा मुलगा समर्थ तेव्हा दहा वर्षांचा. शाळेत कुणीतरी त्याला ऐकवलं. त्या दिवसापासून पोरानं बापाचं नाव घेणं सोडलं. फोटोसुद्धा काढून कपाटात ठेवला.

ती बत्ती घरी आली होती, नरसिंहच्या पेटीबरोबर. वहिनींनी ती मागच्या गॅलरीत खिळ्याला टांगली. सहा वर्षं. तेल नाही, वात वाळून गेलेली, आणि झडप तशीच लालवर. विनायकने स्वतः एकदा पक्कड लावून पाहिली, तेल सोडून पाहिलं. हलली नाही. हे लक्षात ठेवा.

विनायक गुडगावला पोचला तेव्हा सात वाजून गेले होते. तेव्हाचं गुडगाव म्हणजे आताचं नव्हे. इमारती उभ्या, पण रस्ता नाही. एका ब्लॉकमध्ये चोवीस घरं आणि दिवे पाच घरांत. मागे सगळं शेत. फ्लॅट बिट काही दिसला नाही त्याला, सोसायटीचा माणूसच आला नव्हता. मग तो चाचपडत तिसऱ्या मजल्यावर बोडसांकडे गेला.

शांताराम एकटाच होता. मुलगा सुजय मानेसरला, गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात, नाइट शिफ्टला. कंपनीची बस त्याला सहालाच घेऊन गेली होती.

"अहो विनायकराव, या धुक्यात परत कुठे जाता? इथेच राहा," शांताराम म्हणाला. "खिचडी टाकतो."

खिचडी झाली, पापड झाला. वड्यांचा डबा कुणाकडून आला ते ऐकून त्याने तो उघडला नाही. पत्र वाचलं. एकच ओळ होती. 'शांतारामभावजी, तुम्हाला हिरवी खरंच दिसली होती का?' त्याने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"मी स्टेटमेंट दिलंय," तो म्हणाला. "एकतीस वर्षं नोकरी केली, सर्व्हिस बुकात एक लाल रेघ नाही. सुजय लोकांना अभिमानाने सांगतो. आता बासष्टाव्या वर्षी काय नवीन सांगायचं?"

"मग तेच लिहून द्या. वहिनींना तेवढंच हवंय," विनायक म्हणाला.

शांताराम उठला. म्हणाला, "आधी गाडी बघा माझी."

आता ही गाडी. सुजय कंपनीकडून जपानला ट्रेनिंगला गेला होता, तिथून त्याने बापासाठी खेळण्यातलं इंजिन आणलं होतं. खेळण्यातलं म्हणजे अगदी हुबेहूब, विजेवर चालणारं. शांतारामने त्याच्या मागे स्वतः वाघिणी केल्या. पत्रा कापून, डाग देऊन, रंग मारून. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नंबर. एक ते अठ्ठावन्न. हॉलच्या भिंतीला हातभर उंचीवर फळी मारलेली, तिच्यावर रूळ. भिंतीला भोक पाडलेलं. रूळ आतल्या खोलीत जायचे, तिथून वळून दुसऱ्या भोकातून परत हॉलमध्ये. नव्याकोऱ्या फ्लॅटच्या भिंतीला दोन भोकं! सून असती तर घर सोडून गेली असती.

विनायकला गंमत वाटली. शांतारामही खुलला. म्हणाला, "एका इंजिनाने ओढवत नव्हती. चाकं जागच्या जागी फिरायची. मग दुसरं इंजिन मागवलं, दोघांच्या पोटात शिसं भरलं. तरी वळणावर मधल्या वाघिणी आत कलंडायच्या. पुढून इंजिन ओढतं, मागून वजन ओढतं, आणि मधल्या बिचाऱ्या हलक्या. लांब गाडीचं सगळं दुखणं मध्ये असतं, विनायकराव. टोकाला बसणाऱ्याला ते कळत नाही."

गाडी निघाली. सुंदर चालली. इंजिनं भिंतीत शिरून दुसऱ्या भोकातून बाहेर आली तरी शेपूट अजून आतच.

"आणि गार्डचा डबा?" विनायकने विचारलं. कारण अठ्ठावन्नाव्या वाघिणीच्या मागे काहीच नव्हतं.

"करायचाय," शांताराम म्हणाला.

"किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं."

अकरा चाळीसला लाइट गेले. विनायकने घड्याळ पाहिलं, त्याची सवयच ती. गाडी खटकन थांबली. बाहेर धुकं काचेला टेकलेलं. विनायकने बॅगेतून टॉर्च काढला आणि दोघं तसेच बसून राहिले. शांतारामने डोळे मिटले होते. विनायकला वाटलं, म्हातारा झोपला. त्यालाही डुलकी लागली.

जाग आली ती आवाजाने.

टक-टक... टक-टक...

रुळाचा आवाज. गाडी चालू होती.

विनायकने बटण दाबून पाहिलं. लाइट नव्हते. बाहेरही सगळा अंधार.

"काका, हिच्यात सेल आहेत का?"

"नाहीत."

"मग चालतेय कशी?"

शांताराम खुर्चीत ताठ बसला होता. पाय जुळवलेले, हात मांडीवर. इंजिनात बसतात तसा.

"धुकं असलं की येते," तो म्हणाला. "मोजा तुम्ही. मी मोजतो ते चुकत असेल. म्हातारपणी चुकतं माणसाचं."

विनायकने टॉर्च भोकाकडे धरला. इंजिनं नुकतीच बाहेर पडून पुढच्या भोकात शिरत होती. मागे वाघिणी. एक, दोन, तीन. नंबर वाचता येत होते. विनायक हिशोबी माणूस, त्याने बोट रोखून मोजल्या. वीस. एकोणतीस, तीस. तिथे गाडीला बारीकसा झटका बसला आणि शांतारामचे हात मांडीवरून उचलले गेले. पन्नास. सत्तावन्न. अठ्ठावन्न.

एकोणसाठ.

तिच्यावर नंबर नव्हता.

साठ. एकसष्ट. त्यांच्यावरही नव्हता.

विनायकला वाटलं, फिरून त्याच येतायत. पण फिरून यायच्या तर आधी इंजिन यायला हवं. इंजिन एकदाच गेलं होतं. परत आलं नाही. ते रूळ सगळे मिळून वीस-बावीस मीटर. त्यावर एवढ्या वाघिणी मावतच नाहीत.

सत्तर. ऐंशी.

वाघिणी ओल्या होत्या. दव पडल्यासारख्या. आणि वास येत होता... कोळशाच्या चुऱ्याचा, गरम ब्रेकचा. पत्र्याचा आवाज राहिला नव्हता. जड आवाज. पोटात वाजणारा. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरत होतं.

शंभर.

"काका, बंद करा."

"माझ्या हातात नाही ते."

एकशे चौदा... पंधरा... सोळा...

गाडी हळू झाली. खूप हळू. एक वाघीण... मग बराच वेळ काही नाही... मग एक.

मग थांबली.

विनायकचा टॉर्च मंद होत होता. त्याने तो विझवला. विझवला आणि त्याला ते दिसलं.

भोकाच्या आत, खोल. भिंत नऊ इंचांची. पण ते नऊ इंचांच्या खूप पलीकडे होतं. लाल ठिपका. मिणमिणता.

तो हलत होता. डावीकडे... उजवीकडे... 

कुणीतरी हात हलवत असावं, तसा.

दोघं तिकडे बघत होते. किती वेळ, ते विनायकलाही सांगता आलं नाही, म्हणजे बघा.

"दरवेळी इथवरच येतो," शांताराम म्हणाला. "पुढे येत नाही. लाल दाखवत उभा राहतो. मी डोळे मिटून घेतो. सकाळी काही नसतं."

"कोण?"

...

"काका, कोण?"

शांताराम उठला. भोकासमोर जमिनीवर बसला. गुडघे वाजले त्याचे.

"नरसिंह," तो म्हणाला. "मला हिरवी दिसली नव्हती."

ठिपका हलायचा थांबला.

"काहीच दिसलं नव्हतं रे. बावीस मिनिटं थांबलो. थंडी होती, लेट झालो होतो. असिस्टंटला पाठवायला हवं होतं, नाही पाठवलं. वाटलं, दाखवली असशील तू, धुक्यात दिसत नाही. असं याआधी दहा वेळा केलं होतं. दहाही वेळा तू दाखवलेलीच असायची."

...

"एक झटका लागला. हाताला कळला मला. लांब गाडीत लागतातच झटके. म्हणून मी पुढे नेली."

मग तो रडायला लागला. मोठ्याने, लहान पोरासारखा. विनायक म्हणायचा, भीती मला तोवर वाटत होती. त्यानंतर नुसतं वाईट वाटलं.

लाल ठिपका थोडा वेळ तसाच होता.

मग विझला.

लाइट आले तेव्हा दोन वाजून सतरा मिनिटं झाली होती. रुळावर गाडी उभी होती, इंजिनं दोन, वाघिणी अठ्ठावन्न, सगळ्यांवर नंबर. विनायकने दोनदा मोजल्या. कोरड्या ठणठणीत होत्या.

शांतारामने तोंड धुतलं, चष्मा लावला आणि कागद घेतला. दोन पानं लिहिली. काही लपवलं नाही. खाली सही, तारीख, वेळ. "एक कॉपी ऑफिसला पाठवतो मी स्वतः," म्हणाला. "सुजयलाही आजच सांगतो. तो काय म्हणायचं ते म्हणू दे." मग त्याने वड्यांचा डबा उघडला आणि एक वडी तोंडात टाकली.

सकाळी विनायक स्कूटर जवळजवळ ढकलतच, पाय घासत, साडेनऊला इथे पोचला. आधी खालच्या मजल्यावर गेला. वहिनींनी दारातच उभ्याउभ्या कागद वाचला. रडल्या नाहीत. समर्थला हाक मारली. सोळा वर्षांचा पोरगा, क्लासला निघाला होता.

"वाच," त्या म्हणाल्या. "मोठ्याने वाच."

त्याने वाचलं. 'नरसिंहने मला हिरवी दाखवली नव्हती. चूक माझी, त्याची नाही,' इथे आला आणि अडखळला. वहिनी म्हणाल्या, "परत वाच." त्याने परत वाचलं. मग न सांगता आत गेला आणि कपाट उघडल्याचा आवाज आला.

विनायक निघत होता. रात्रीचं त्याने काही सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हता. काय सांगणार?

"भावजी, जरा आत या," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला एक दाखवायचंय. मी समर्थला विचारलं, भावाला विचारलं. कुणीच हात लावला नाही म्हणतात. रात्री सव्वादोनला खुट्ट झालं म्हणून मी उठले, तेव्हापासून हे असंच आहे."

त्या पुढे, हा मागे. मागच्या गॅलरीत आले. बाहेर पांढरं धुकं, समोरचं लिंबाचं झाडसुद्धा दिसत नव्हतं. खिळ्याला बत्ती टांगलेली होती.

तेल नव्हतं. वात होती तशीच वाळलेली. पण झडप फिरली होती.

हिरवी.

विनायकने हात पुढे केला. वहिनींनी त्याचं मनगट धरलं.

"हात नका लावू, भावजी. अजून गरम आहे."